शनिवारचं लंगडणं

"डॉक्टर, हा मुद्दाम करतो."

माझ्या उभ्या आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कुठलं असेल, तर हे. मांजर मुद्दाम गादीवर मुततं, कुत्रा हाक मारली की मुद्दाम येत नाही, सशाने मुद्दाम चार्जरची वायर कुरतडली. एका बाईंनी तर पोपट आणला होता, तो मुद्दाम स्वतःची पिसं उपटतो म्हणून. पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे असं मी म्हटल्यावर घाईघाईने म्हणाल्या, "आमचा नाहीच तो, शेजाऱ्यांचा आहे." शेजाऱ्यांचा पोपट त्यांना "आई, आई" करत होता, पण ते असो.

मी मूळची गुरांची डॉक्टर. खालापूर तालुक्यात सरकारी दवाखान्यात नोकरी केली. गाई, म्हशी, बैल, शेळ्या, कोंबड्या. पावसाळ्यात बांधावरून घसरत गोठा गाठायचा, कोपरापर्यंत हात घालून अडलेलं वासरू ओढायचं आणि मग त्याच घरी हात धुऊन चहा प्यायचा, हा माझा दिवस. निवृत्त झाल्यावर कर्जतला एक गाळा घेतला आणि पाळीव जनावरांचा दवाखाना टाकला. घरच्यांना वाटलं होतं, आता ही जरा शांत होईल, भजनाला वगैरे जाईल. माझा आवाज ऐकल्यावर भजनी मंडळानेही फार आग्रह केला नाही.

गुरांकडून कुत्र्यामांजरांकडे आल्यावर औषधं फार बदलली नाहीत. माणसं बदलली. बैलाने लाथ मारली तर शेतकरी आधी त्याचा खूर बघतो, कुठे काही रुतलंय का, सडलंय का. बैल मुद्दाम करतो असं मला एकाही शेतकऱ्याने कधी सांगितलं नाही. कुत्र्याने दात दाखवले की मालक मात्र सरळ त्याच्या चारित्र्यावर घसरतो. "आम्ही याला एवढं केलं, आणि हा बघा." अहो, त्याची दाढ किडली असेल. आधी तोंड तरी उघडून बघा.

म्हणून माझी तपासायची पद्धत लोकांना जरा विचित्र वाटते. जनावर आत आलं की मी त्याला हात लावत नाही. पांढरा कोट घालत नाही. स्टुलावर बसते आणि मालकाशी पावसापाण्याच्या गप्पा मारते. लोकांना वाटतं बाई टाइमपास करतेय. माझे डोळे खाली असतात. कुत्रा पायरी कशी चढला, बसताना कुठल्या कुशीवर बसला, मालकाच्या पायाला चिकटला की लांब गेला, कोपऱ्यात वास घेतला की नुसता थरथरत राहिला. यातून निम्मं निदान होतं. उरलेलं निम्मं थर्मामीटर आणि रक्ताची तपासणी करते. जनावराला बोलता येत नाही असं लोक हळहळून म्हणतात. बोलतं की ते, दिवसभर बोलतं. फक्त आपल्याला हवं ते बोलत नाही.

मोहोपाड्याहून एकदा एक कुटुंब बोका घेऊन आलं. तिथल्या कॉलनीतलं घर, थोरल्या मुलाचं नुकतंच लग्न झालेलं. बोका नव्या सुनेच्या गादीवर मुतायचा. सासूबाईंनी सुनेसमोरच सांगून टाकलं, "ही आल्यापासून सुरू झालंय. त्याला ही आवडत नाही." सून बिचारी मांजराची टोपली धरून खाली मान घालून उभी. सासरे म्हणाले, "काहीतरी इंजेक्शन द्या बाई, नाहीतर पोत्यात घालून पाताळगंगेच्या पलीकडे सोडून येतो." मी बोक्याचं पोट चाचपलं. मूत्राशय मोसंबीएवढं टम्म. लघवी तुंबली होती त्याची, थेंब थेंब होत होता, आणि जिथे मऊ लागेल तिथे तो बसून कुंथत होता. आणखी एखादा दिवस गेला असता तर बोका मेलाच असता. बारीक नळी घालून मोकळं केलं, औषधं दिली. मग विचारलं, लग्नासाठी घरात काय काय केलंत? रंग काढला, पडदे केले आणि सून येणार म्हणून खिडक्यांना डासांची जाळी बसवली. झालं. बोक्याचा बागेत जायचा रस्ता त्यातल्याच एका खिडकीतून होता. बिचारा संध्याकाळी दार उघडेपर्यंत धरून ठेवत होता. मी त्यांना घमेल्यात वाळू ठेवायला सांगितली. जाताना सासूबाईंनी सुनेच्या हातातली टोपली स्वतःकडे घेतली आणि "दमली असशील" एवढंच म्हणाल्या.

तर, वागणं बदललं की आधी शरीर तपासायचं. शरीरात काही सापडलं नाही की मग घर तपासायचं. हा क्रम उलटा करू नये. कारण "स्वभावच तसा" म्हणून टाकलं की तपासणी संपते, आणि दुखणं आत तसंच राहतं. हे मी सगळ्यांना घोकून घोकून सांगते. पण ज्या केसने मला खरा घाम फोडला, त्यात शरीर तपासून झालं, काही सापडलं नाही, आणि घर तपासायच्या आधीच एका माणसाची भाकरी जायची वेळ आली.

भिवपुरीच्या बाजूला हल्ली फार्महाऊसं इतकी झालीत की भातखाचरं शोधावी लागतात. शनिवारी सकाळी ठाण्या-मुंबईच्या गाड्या येतात, रविवारी संध्याकाळी परत जातात. मधल्या दिवसांत घर, झाडं आणि कुत्रा सांभाळायला रखवालदार असतो. बहुतेक जवळच्या ठाकर आदिवासींच्या वाडीतलं एखादं जोडपं, मागच्या खोलीत राहणारं. कुत्र्याच्या लशीच्या कार्डावर नाव मालकाचं. कुत्रा मात्र आठवड्यातले बहुतेक दिवस रखवालदाराच्या ताटातलं खातो.

कारखानीस मॅडमचं फार्महाऊस असंच. मॅडम ठाण्याच्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. ताठ कणा, कडक इस्त्रीची साडी, आणि बोलताना समोरच्याची वेणी नीट घातलीय का हे बघण्याची सवय. यजमानांच्या हौसेचं ते घर आणि त्यांच्याच हौसेचा तो कुत्रा, ऑस्कर नावाचा, लोणीरंगाचा लॅब्रॅडोर. यजमान गेले. मॅडम ठाण्याला मुलीच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. तिथे एवढा मोठा कुत्रा ठेवायची सोय नव्हती. ऑस्कर इथेच राहिला, रखवालदार बुधा आणि त्याची बायको जनाबाई यांच्याकडे. मॅडम दर शनिवारी यायच्या. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर विकून मोकळे झाले असते. त्या येत राहिल्या त्या कुत्र्यासाठी, हे त्यांनी कधी कबूल केलं नाही.

एका शनिवारी ऑस्करच्या पुढच्या डाव्या पंजात काटा घुसला, चांगला आतपर्यंत. मॅडम स्वतः त्याला गाडीच्या मागच्या सीटवर मांडीवर घेऊन माझ्याकडे आल्या. मी काटा काढला, जखम धुतली, पट्टी बांधली. मॅडम त्या वेळी ठाण्याला परत गेल्याच नाहीत. पट्टी सुटेपर्यंत आठवडाभर राहिल्या. कुत्रा त्यांच्या खोलीत, त्यांच्या पलंगावर, हाताने भरवलेलं चिकन खात पडलेला. जखम छान भरली. विषय संपला असं मला वाटलं.

मॅडम ठाण्याला गेल्या आणि त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा हजर. कुत्रा लंगडतोय. मी पंजा पाहिला, जखम कोरडी. बोटांच्या बेचक्या पाहिल्या, नखं पाहिली, कोपर आणि खांदा वाकवून पाहिला. कुठेच कळ नाही. मुका मार असेल म्हणून गोळ्या दिल्या. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. मी रक्त काढलं, कारण गोचीड तापात कुत्री अशी लंगडतात, आज हा पाय, उद्या तो पाय. रिपोर्ट स्वच्छ. पनवेलला पाठवून एक्स-रे काढवला. हाडं इतकी सुंदर की फ्रेम करून लावावी. आणि शनिवार आला की ऑस्कर पुढचा डावा पाय उचलून उभाच.

मग एका शनिवारी मॅडम कुत्र्याला गाडीतच ठेवून एकट्या आत आल्या आणि माझ्यासमोर ताठ बसल्या.

"डॉक्टर, मला तुमच्याकडून लेखी हवंय. याला मारहाण होतेय म्हणून."

"कोण मारतंय?"

"बुधा. दुसरं आहे कोण तिथे? जखम भरल्यावर मी गेले तेव्हा ठीक होता, आणि आता दर शनिवारी येते तेव्हा लंगडत असतो. त्याच्या दाराशी बांबूची काठी असते, मी डोळ्यांनी पाहिलीय. मी त्यांना सांगितलंय, महिनाअखेर खोली रिकामी करा. आणि जाण्याआधी पोलिसांत तक्रार देणार आहे. मुक्या जनावराला मारणाऱ्याला मी सोडणार नाही. इतकी वर्षं शाळा चालवलीय मी, चेहऱ्यावरून गुन्हेगार ओळखते."

माझं डोकं फिरलं. ते लवकर फिरतं, हे कर्जतात सगळ्यांना ठाऊक आहे. पण मॅडमही खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे दुसरं उत्तरही नव्हतं. बुधाला मी ओळखत होते तेही एवढंच, की लशीच्या वेळी तो कुत्र्याचं डोकं काखेत धरायचा. त्याची मुलगी दहावीला होती आणि शाळा फार्महाऊसपासून चालत जाण्याजोगी. त्यांची वाडी वर डोंगरात. तिथून शाळेत रोजची ये-जा तिला जमली नसती. आणि ठाकराच्या माणसावर एकदा कुत्रं मारल्याची तक्रार लागली की या पट्ट्यात त्याला पुन्हा रखवालीला कुणी उभं करत नाही.

"माराची खूण दिसली तर लिहीन," मी म्हटलं. "वळ नाही, सूज नाही, गाठ नाही. जे दिसत नाही ते मी लिहीत नाही. आठवडाभर थांबा. तक्रार कुठे पळून जात नाही."

मॅडमना ते आवडलं नाही, पण "ठीक आहे" म्हणाल्या.

मी मंगळवारी गेले. न कळवता, भर दुपारी, स्कूटर लांब नाक्यावर लावून बांधाबांधाने मागच्या बाजूने. मॅडमनी कॅमेरे लावले होते, पण ते गेटवर आणि पोर्चमध्ये. दिवसभराचं आयुष्य मागच्या शेतात चालायचं. मी करवंदीच्या जाळीआड उभी राहिले. या वयात आणि या वजनाने लपायचं म्हणजे काय, ते तुम्ही कल्पना करून घ्या.

बुधा गवत कापत होता. ऑस्कर बांधावरून उड्या मारत होता. लंगडणं सोडा, चारही पाय जमिनीला लागतील तर शपथ. आणि त्याच्या तोंडात काय होतं? तीच ती बांबूची काठी. बुधा तिचं एक टोक धरून ओढायचा, हा दुसरं टोक धरून गुरगुरत मागे रेटायचा, मग बुधा सोडून द्यायचा आणि हा जिंकल्यासारखा ती घेऊन शेताला फेरी मारून यायचा.

मी जाळीतून बाहेर आले. बुधाच्या हातून विळा पडला. मी काठी घेतली आणि कुत्र्याच्या अंगावर उगारली. मार खाल्लेलं कुत्रं उगारलेली काठी बघून एकतर पोट जमिनीला लावतं, नाहीतर शेपूट घालून पळतं, नाहीतर चावायला येतं. हे आपल्या इच्छेवर नसतं, अंगातच बसलेलं असतं. ऑस्करने पुढचे पाय पसरले, बूड वर केलं, शेपूट जोरजोरात हलवलं आणि भुंकला. फेक ना लवकर, म्हणून. मला तिथेच बुधाला मिठी मारावीशी वाटली.

"काठी कशाला बाळगतोस रे?"

"फुरशी निगतात गवतात, इखारी साप. ह्यो पुढं पळतो, म्हनून मी काठीनं गवत बडवत जातो."

तेवढ्यात जनाबाई विहिरीकडून आली. बुटकी, काटक, नजर सरळ. मी विचारलं, "हा लंगडतो कधी?"

बुधाने बायकोकडे पाहिलं. जनाबाईने हंडा खाली ठेवला.

"आमच्याजवल नाय लंगडत. बाय आल्या का लंगडतो. शनवारी गाडी आली का झालं सुरू. ऐतवारी गाडी गेली का जरा वेल पडून ऱ्हातो, जेवत नाय. मंग बरा. आमाला वाटलं, त्या गुलगुलीत फरशीवर घसरून पडत आसंल. नायतर त्या थंड मशीनच्या खोलीत निजून अंग धरत आसंल. त्याच कायतरी करतात."

म्हणजे बघा. मॅडमना वाटत होतं, आठवडाभर हे लोक कुत्र्याला काहीतरी करतात. आणि या दोघांना वाटत होतं, शनिवार-रविवारी मॅडम कुत्र्याला काहीतरी करतात. दोन्ही बाजूंना एकाच जिवाची काळजी, आणि एकमेकांवर एकच संशय.

"मग सांगितलं का नाहीत त्यांना?"

"कसं सांगायचं?" बुधा म्हणाला. "मालकिनीला म्हनायचं, तुमी कुत्रा बिघडवताव?"

मला एकदम तो काट्याचा आठवडा आठवला. पलंग, चिकन, आणि न गेलेली गाडी. परत येताना मी स्कूटरवर एकटीच हसत होते. नाक्यावरच्या रिक्षावाल्याने विचारलंही, "काय बाई, लॉटरी लागली काय?"

पण मला कळून उपयोग नव्हता. मॅडमना दिसायला हवं होतं. मुख्याध्यापिकेला दुसऱ्याने सांगून पटत नाही.

शनिवारी मी त्यांच्या आधी जाऊन, बुधाने उघडून दिलेल्या बैठकीच्या खोलीत खिडकीशी बसले. बुधा-जनाबाईच्या ओट्यावर भांड्यांचं पोतं बांधून ठेवलेलं होतं, ट्रंक होती, वर मुलीचं दप्तर. अंगणात ऑस्कर कोंबडीच्या मागे धावत होता. गाडीचा हॉर्न वाजला. त्याने कोंबडी सोडली आणि गेटकडे सुसाट पळाला. गाडी थांबली, दार उघडलं, मॅडमचा पाय खाली टेकला, आणि त्या क्षणी कुत्र्याने पाय उचलला. उजवा. आतापर्यंत डावा लंगडत होता, आज गडबडीत उजवा उचलला गेला.

मी पदर तोंडात कोंबला.

मॅडम आत आल्या, मागोमाग कुत्रा लंगडत. मला बघून दचकल्या. "तुम्ही? बघा, बघा डॉक्टर. आज तर दुसरा पाय. काय केलंय याला त्या माणसाने?"

"मॅडम, त्याला बाहेर ठेवा, दार लावा आणि माझ्याबरोबर खिडकीत या. पडदा हलवू नका."

त्यांना ते मुळीच पसंत नव्हतं, पण आल्या. ऑस्कर दारापुढे पाय वर धरून बसला. कण्हला. कुणी येईना. पाय खाली ठेवला. दाराचा वास घेतला. मग उठला, चारही पायांवर अंगण ओलांडून गेला, मघाचीच कोंबडी शोधली आणि तिला तुळशीभोवती पळवायला लागला. मॅडमची माझ्या दंडावरची पकड घट्ट झाली.

"आता जा बाहेर," मी म्हटलं.

त्या बाहेर गेल्या. कुत्रा जागच्या जागी थांबला आणि लंगडत त्यांच्याकडे आला. त्या आत आल्या. कुत्रा नीट. पुन्हा बाहेर, पुन्हा लंगडा. मॅडमनी हे इतक्या वेळा करून पाहिलं की शेवटी कुत्राच गोंधळून मधोमध बसला.

त्या आत येऊन खुर्चीत बसल्या. चेहरा लाल झाला होता. "नाटकी मेला. म्हणजे हा मुद्दाम करत होता. मला फसवत होता."

"फसवत नव्हता हो. तुमच्या शाळेत सोमवारी सकाळी पोटात दुखणारी मुलं असायची ना?"

"ढिगाने."

"त्यातली सगळी खोटारडी होती?"

त्यांनी आठवून पाहिलं. मग म्हणाल्या, "नाही. काहींना खरंच दुखायचं. घरी काहीतरी असायचं."

"तसंच आहे हे. काटा लागला तेव्हा याने पाय उचलला, आणि तुम्ही गेलाच नाहीत. एरवी दर रविवारी गाडी जाते. त्या एका वेळी गेली नाही. कुत्र्याला कारणं कळत नाहीत, पण काय केलं की काय होतं हे पक्कं कळतं. पाय वर असला की तुम्ही राहता, एवढं तो शिकला. दर शनिवारी तो तुम्हाला थांबवून बघतोय."

मुख्याध्यापिका बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसत बसल्या. बराच वेळ पुसला. मीही खिडकीबाहेर बघत राहिले.

"याला औषध काय?" त्यांनी विचारलं.

"औषध तुम्हालाच घ्यायचंय. लंगडत आला की पाठ फिरवायची. बोलायचं नाही, बघायचंही नाही. नीट चालत आला की हवे तेवढे लाड. कठीण आहे, आधीच सांगते. पहिले काही शनिवार तो जास्तच लंगडेल."

"आणि तो कायमचा माझ्याजवळ राहावा म्हणून काय करायचं?"

माझ्या धंद्यात हे दुःख नेहमीचं आहे. जनावराला काय हवंय ते कळतं, पण ते चिठ्ठीवर लिहून देता येत नाही.

मग त्या उठल्या. पदर सारखा केला आणि बुधा-जनाबाईच्या ओट्यावर गेल्या. मीही गेले. बुधा ट्रंकेला दोरी बांधत होता.

"बुधा, माझं चुकलं," मॅडम म्हणाल्या. स्पष्ट, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं. "कुत्र्याला कुणी मारलेलं नाही. तुम्ही कुठे जायचं नाही. पोतं सोड."

बुधा खाली बघत म्हणाला, "आसूं द्या म्याडम."

"आसूं द्या काय?" जनाबाई दारातून पुढे आली. "ऱ्हायला ऱ्हातो आमी. पोरीची शाला हाय. पन म्याडम, तुमी त्याच्या पायाचं फोटू काडलंत, रगत तपासलंत, डाक्टरबायला इचारलंत. आमाला नाय इचारलंत कदी. पयलं फुडं आमाला इचारायचं. आमी बोलतो की. आमाला तोंड हाय."

बुधाने डोळ्यांनी तिला गप्प केलं, पण ती गप्प होणाऱ्यांतली नव्हती. खांद्यावरचा पदर खोचून उभी राहिली. मला वाटलं, आता मॅडमचा कणा आणखी ताठ होणार. ऑस्कर या भांडणाला कंटाळला. बुधा गाडीतलं सामान उतरवायच्या निमित्ताने तिथून सटकला, तसा तोही त्याच्या मागोमाग गेटकडे गेला.

मॅडम ओट्यावर पोत्याशेजारी बसल्या. इस्त्रीच्या साडीसकट, धुळीत.

"बैस," त्या जनाबाईला म्हणाल्या. "आता विचारते. मी नसते तेव्हा तो काय करतो, काय खातो, कुठे झोपतो, सगळं सांग मला."

जनाबाई थोडं अंतर ठेवून बसली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे.

"पयलं म्हंजी," ती म्हणाली, "आमी त्याला ऑस्कर म्हनत नाय."

"मग?"

"सोम्या."

मॅडमना कळलं नाही. जनाबाईच समजावायला लागली, मघाचा तिखटपणा आता जरा लाजरा झाला होता. "आमच्यात ज्या वारी पोर व्हतं, त्या वारावरनं नाव पडतं. ह्ये बुधवारचे, म्हनून बुधा. तुमी ऐतवारी सांजच्या जाता. सोमवारी त्यो आमचा व्हतो. मंग आमी सोम्या म्हनाया लागलो. राग नका धरू."

गेटपाशी बुधा पिशव्या उतरवत होता आणि कुत्रा त्यांच्यात नाक खुपसत होता. मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हाक मारली, हळू, परक्या घराची कडी वाजवावी तशी.

"सोम्या."

कुत्र्याने मान वर केली. आधी जनाबाईकडे बघितलं, मग मॅडमकडे, पुन्हा जनाबाईकडे. मॅडमनी पुन्हा हाक मारली. तसा तो सगळं अंगण ओलांडून धावत आला, त्यांच्या मांडीवर आदळला आणि इस्त्रीची साडी मातीने भरली. लंगडायचं तो साफ विसरला होता.